आधी लेन्स, मग कॅमेरा: प्रवासाला निघालेल्या मित्रास

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. प्रवासात फोटो आणि व्हिडिओ दोन्ही जमेल असा छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा तुला हवाय, आणि मॉडेलांची यादी देऊन तू विचारलंयस, "यातला कोणता?" नावांवर येतोच. पण यादीत सगळ्या बॉडीच, म्हणजे लेन्सशिवायचे नुसते कॅमेरेच आहेत, लेन्स एकही नाही. कॅमेरा छोटा राहणार की नाही, हे बॉडी ठरवत नाही. ते लेन्स ठरवते. म्हणून निवड लेन्सपासून सुरू कर.

आकडेच बघ. सोनी ए६७००, म्हणजे एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरची (चित्र टिपणाऱ्या चिपची) बॉडी, बॅटरी-कार्डासकट ४९३ ग्रॅम. सोनी ए७सी टू, फुल फ्रेम म्हणजे त्याहून मोठ्या सेन्सरची, ५१४ ग्रॅम. फरक २१ ग्रॅमचा. एवढ्यात मोठा सेन्सर मिळतोय तर तोच घ्यावा, असं कुणालाही वाटेल. आता लेन्स लाव. पहिल्यावर सिग्मा १८-५० एफ/२.८, सुमारे २९० ग्रॅम. (१८-५० हे झूमचे मिलिमीटर: आकडा लहान तेवढं दृश्य रुंद. एफचा आकडा लहान तेवढा प्रकाश जास्त.) जोडी ७८० ग्रॅमच्या आसपास. दुसऱ्यावर सोनीची २४-७० एफ/२.८ जीएम टू, ६९५ ग्रॅम. जोडी थेट १,२०० च्या वर. २१ ग्रॅमचा फरक चारशेवर गेला, शिवाय लांबी वाढली ती वेगळीच.

ही तुलना पुरती न्याय्य नाही, हेही सांगायला हवं. एपीएस-सीवरचं एफ/२.८ पार्श्वभूमी जेवढी धूसर करतं, तेवढी फुल फ्रेमवर साधारण एफ/४.२ ला होते. अंधारातल्या नॉइजचाही, म्हणजे चित्रातल्या दाणेदारपणाचाही, हिशोब साधारण तसाच. तेव्हा खरी बरोबरी एफ/४ च्या लेन्सशी. सोनीची २०-७० एफ/४ लेन्स ४८८ ग्रॅमची, म्हणजे जोडी बरोबर एक किलो. आणि फुल फ्रेमवर २८-६० ची छोटी लेन्स लावलीस, तर ती फक्त १६७ ग्रॅमची, जोडी ६८० ग्रॅममध्ये बसते, एपीएस-सीच्या त्या जोडीपेक्षाही हलकी! पण ती ६० वर एफ/५.६ ला अडते आणि रुंद बाजूला २८ च्या पलीकडे जात नाही. हात लांब करून स्वतःचं चित्रण करायचं असेल तर २८ मध्ये चेहराच फ्रेम भरून टाकतो. त्यासाठी २४ किंवा त्याहून रुंद, शक्यतो २० लागतं.

तुला काय लागतं हे कळण्याची सोपी वाट तुझ्या फोनमध्ये आहे. फोनचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या हिशोबाने साधारण २४ ते २६ मिमीचा असतो, अल्ट्रावाइड १३ च्या आसपास. मागच्या प्रवासाचे फोटो उघड आणि जे खरंच आवडले ते कोणत्या लेन्सने काढलेत ते प्रत्येक फोटोच्या माहितीत बघ. बहुतेक मुख्य कॅमेऱ्याचे निघाले, तर एकच स्टँडर्ड झूम पुरे. दूरची माणसं, शिखरं, पक्षी पुन्हापुन्हा टेली वापरून किंवा झूम करून घेतलेले दिसले, तर १८-१३५ सारखी लेन्स बघ. सोनीची ती ३२५ ग्रॅमची आहे. एफ/३.५ ते ५.६ असल्याने संध्याकाळनंतर मात्र ती कमी पडते.

आता व्हिडिओ. इथे जाहिरातीतलं "फोर-के ६०" (फोर-के दर्जाचं चित्र, सेकंदाला ६० फ्रेम) हे एक वाक्य वाचून माणसं फसतात, कारण त्याच्या अटी तपशिलाच्या पानावर बारीक अक्षरात असतात. पहिली अट क्रॉपची, म्हणजे सेन्सरच्या कडा सोडून मधलाच भाग वापरण्याची. ए७सी टू फुल फ्रेम खरा, पण फोर-के ६० लावलं की तो सेन्सरचा फक्त मधला, एपीएस-सीएवढा भाग वाचतो. २० मिमीची लेन्स त्या क्षणी ३० मिमीसारखी दिसू लागते. म्हणजे मोठ्या सेन्सरच्या लेन्सचं वजन वाहायचं आणि चित्रण छोट्या सेन्सरवर करायचं. निकॉन झेड५०टू मध्ये फोर-के ६० ला दीडपट क्रॉप आहे, तोही एपीएस-सीच्या मुळातल्या दीडपट क्रॉपवर. १६ मिमीची लेन्स फोटोत २४ वाटते, फोर-के ६० मध्ये ३६. फुजीफिल्म एक्स-एस२० वर हाच क्रॉप १.१८ आहे, चालण्यासारखा. ए६७०० वर फोर-के ६० पूर्ण रुंदीचं मिळतं, पण फोर-के १२० ला सुमारे १.६ पट क्रॉप बसतो. १८ मिमीची लेन्स तिथे ४३ मिमीएवढी अरुंद होते. कॅनन आर५० चं फोर-के पूर्ण रुंदीचं आणि चांगल्या दर्जाचं आहे, पण ते ३० फ्रेमलाच थांबतं. तेव्हा तुला नक्की कोणता मोड वापरायचाय ते आधी ठरव आणि त्याच मोडचा क्रॉप शोध. ६० फ्रेम मुख्यतः संथ गतीच्या शॉटसाठी लागतात. ते मोजकेच घेणार असशील तर फोर-के ६० चा हट्ट सोड. त्याने निवड खूप मोकळी होते.

दुसरी अट स्टॅबिलायझेशनची. बॉडीच्या आत सेन्सर हलवून झटके शोषणारी सोय, म्हणजे आयबीआयएस, ए६७००, ए७सी टू, एक्स-एस२०, ओएम-५ यांत आहे. आर५०, झेड५०टू, सोनी झेडव्ही-ई१० टू, फुजीफिल्म एक्स-एम५ यांत नाही. कॅनन आर८ फुल फ्रेम असून ४६१ ग्रॅमचा आहे, पण त्यातही नाही. हा केवळ तांत्रिक तपशील नाही, कारण आता लेन्सशी त्याची जोड बघ: सिग्मा १८-५० मध्येही स्टॅबिलायझेशन नाही. ए६७०० वर त्याने काही बिघडत नाही. तीच लेन्स झेडव्ही-ई१० टू वर लावलीस, तर हातातला प्रत्येक शॉट थरथरेल आणि तो सावरायला डिजिटल स्टॅबिलायझेशन लावावं लागेल. ते कडा कापून काम करतं, म्हणजे पुन्हा क्रॉप. अशा बॉडीवर टॅमरॉन १७-७० एफ/२.८ सारखी आतून स्थिर केलेली लेन्स हवी, आणि ती ५२५ ग्रॅमची आहे. बॉडीत वाचवलेलं वजन लेन्समध्ये परत आलं.

आयबीआयएसकडूनही भलती अपेक्षा नको. उभं राहून घेतलेला शॉट तो सुंदर धरतो. चालताना टाच टेकल्यावर बसणारा खालीवर हिसका मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो, आणि खूप रुंद लेन्सवर चालताना फ्रेमचे कोपरे जेलीसारखे डुलतात. चालत चित्रण करायचंच असेल तर गुडघे किंचित वाकवून हळू चाल. नाहीतर थांब, कॅमेरा छातीशी दोन्ही हातांनी धर आणि दहा सेकंद सलग घे. संपादन करताना असे शांत शॉट जास्त उपयोगी पडतात.

तिसरी गोष्ट शटरची, आणि ती फार कमी जण तपासतात. झेडव्ही-ई१० टू आणि पॅनासॉनिक एस९ यांत यांत्रिक शटरच नाही, फक्त इलेक्ट्रॉनिक आहे. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, म्हणून धावत्या गाडीतून बाहेर फोटो काढलास तर खांब तिरके येतात आणि एलईडी दिव्यांखाली चित्रावर आडवे पट्टे उमटतात. फोटो हे निम्मं काम असेल तर यांत्रिक शटर असलेलीच बॉडी घे. याच दोन बॉडींना व्ह्यूफाइंडरही नाही. भर दुपारी मागचा स्क्रीन नीट दिसत नाही, तेव्हा डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर फार मोलाचा वाटतो.

फोकसबद्दल थोडक्यात. सोनी आणि कॅनन व्हिडिओत माणसाचा डोळा न सोडता धरतात. फुजीचं काम चालतं, पण चालत्या माणसावर त्याची पकड तेवढी घट्ट नाही. पॅनासॉनिकने २०२३ च्या एस५ टू पासून फेज डिटेक्शन, म्हणजे फोकस न डगमगता धरणारी पद्धत, आणलं. त्याआधीचा एखादा वापरलेला पॅनासॉनिक स्वस्तात दिसला, तर व्हिडिओत फोकस मागेपुढे श्वास घेतल्यासारखा हलतो हे लक्षात ठेव.

एकूण तुझ्या गरजेला माझं मत ए६७०० आणि सिग्मा १८-५० या जोडीला. फक्त हात लांब करून स्वतःचं चित्रण हिलाही नीट जमणार नाही, कारण इथलं १८ म्हणजे फुल फ्रेमचं २७. फोटोचे रंग थेट कॅमेऱ्यातूनच हवे असतील आणि संगणकावर बसायचा कंटाळा असेल, तर एक्स-एस२०. त्याच्या फिल्म सिम्युलेशनचे (फिल्मसारखे रंग देणाऱ्या सोयीचे) जेपीईजी तसेच वापरता येतात. आणि पाऊस, धूळ, डोंगर हेच मुख्य असेल, तर ओएम-५ आणि १२-४५ एफ/४: बॉडी ४१४ ग्रॅम, लेन्स २५४, आणि बॉडीला धूळ-पाण्यापासून आयपी५३ दर्जाचं संरक्षण. सेन्सर लहान, १७.३ गुणिले १३ मिमीचा, त्यामुळे रात्री तो मागे पडतो. फोर-केही ३० फ्रेमपर्यंतच. पहिल्या ओएम-५ ला जुना मायक्रो-यूएसबी सॉकेट आहे, म्हणून टाइप-सी असलेला मार्क टू मिळत असेल तर तोच घे.

कॅमेरा ठरल्यावर पहिली खरेदी एनडी फिल्टरची, म्हणजे लेन्सवर लावायच्या, प्रकाश कमी करणाऱ्या काचेची. व्हिडिओत हालचाल नैसर्गिक दिसायला शटर स्पीड फ्रेमदराच्या दुप्पट ठेवतात: २५ फ्रेमला १/५०. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर बरोबर एक्स्पोजर असतं एफ/१६ ला १/१००. तुला हवंय एफ/२.८ आणि १/५०, म्हणजे प्रकाश सहा स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). तेवढा अडवायला एनडी६४ लागतो. ए६७०० वर एस-लॉग३ (नंतर रंग चढवण्यासाठीचा सोनीचा फिकट चित्राचा मोड) लावलंस की आयएसओ ८०० पासून सुरुवात होते, म्हणजे आणखी तीन स्टॉप. तिथे एनडी५१२ पाहिजे, किंवा अ‍ॅपर्चर एफ/५.६ करून एनडी१२८. म्हणून नुसता दोन ते पाच स्टॉपचा व्हेरिएबल (फिरवून कमीजास्त करता येणारा) एनडी घेऊन उन्हात भागत नाही. सहा ते नऊचाही लागतो. व्हेरिएबल एनडी दोन पोलरायझरचा बनलेला असतो. तो शेवटापर्यंत फिरवलास की चित्रावर काळी फुली उमटते, आणि रुंद लेन्सवर निळं आकाश एका बाजूला गडद, एका बाजूला फिकट दिसतं. दोन खुणा आधीच थांबावं. सिग्मा १८-५० ला ५५ मिमीचा फिल्टर बसतो.

खरं तर लॉगच्या वाटेला पहिल्या प्रवासात जाऊच नकोस. लॉगचं चित्र फिकट असतं, त्याला नंतर रंग चढवावे लागतात, आणि ते दहा बिटमध्येच घ्यावं. आठ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, दहा बिटमध्ये १,०२४. आठ बिटच्या लॉगवर रंग चढवले की आकाशात पट्टे पडतात. शिवाय दहा बिट ४:२:२ एच.२६५ च्या फाइली बऱ्याच जुन्या संगणकांवर अडखळतात. तेव्हा प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, बनवून संपादन करावं लागतं.

दिव्यांच्या लुकलुकण्याचं एक सूत्र पाठ कर. ज्या देशात वीज ५० हर्ट्झची, तिथे शटर १/५० किंवा १/१००. जिथे ६० हर्ट्झची, तिथे १/६० किंवा १/१२०. फ्रेमदर २५ च ठेवलास तरी शटर तेवढं बदल.

कार्डाचा हिशोब सोपा आहे. १०० मेगाबिटचं फोर-के मिनिटाला ७५० एमबी खातं, तासाला ४५ जीबी. व्ही३० कार्ड सेकंदाला ३० एमबी, म्हणजे २४० मेगाबिट, कमीत कमी लिहितंच. त्याच्या जवळ जाणारे मोड वापरणार असशील तर व्ही६०. या छोट्या बॉडींना बहुधा एकच कार्ड बसतं. म्हणून मोठं एकच कार्ड नको, १२८ जीबीची दोन-तीन घे आणि रोज रात्री छोट्या एसएसडीवर प्रत काढ. प्रत उघडून तपासल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

छोटी बॉडी तापतेही लवकर. सोनीच्या मेनूत "ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर" हे "हाय" वर ठेव, स्क्रीन बॉडीपासून उघडून धर म्हणजे मागची उष्णता निघून जाते, आणि दोन शॉटच्या मध्ये कॅमेरा उन्हात चालू ठेवू नकोस. आवाजासाठी वाऱ्याची केसाळ टोपी असलेला छोटा माइक पुरे. ती टोपी विसरलास तर वाऱ्याचा घोंगाट नंतर काही केल्या निघत नाही. माइकची पिन लावल्यावर स्क्रीन पूर्ण फिरतो का, हे विकत घेण्याआधी बघ.

बॅटऱ्या दोन जास्तीच्या घे. विमानात त्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, हातातल्या सामानातच लागतात, टोकांना टेप लावून किंवा डबीत. मर्यादा साधारण १०० वॅट-तासांची. ए६७०० ची एनपी-एफझेड१०० बॅटरी १६.४ ची, आणि २०,००० एमएएचची पॉवरबँक ७४ ची, म्हणजे दोन्ही बसतात. पॉवरबँक पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) असलेली घे, म्हणजे चालता चालता टाइप-सीने कॅमेरा चार्ज होईल.

निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी कॅमेरा हातात असू दे. जो मोड वापरणार असशील त्याच मोडमध्ये अर्धा तास सलग चित्रण करून तो बंद पडतो का ते बघ, आणि पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ ला एक फोटो काढून सेन्सरवर ठिपके आहेत का ते तपास. बटणं मांडायला बसशील तेव्हा लिही. फोटो आणि व्हिडिओच्या सेटिंग वेगवेगळ्या कशा ठेवायच्या आणि कोणतं बटण कशाला द्यायचं, ते सविस्तर कळवतो.

तुझाच,
विनय