काका, तुमचा डबा अजून माझ्याकडे आहे

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहीत नाही. लिहिलं तर फोन करून झापाल. मंडळातल्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

२५ डिसेंबरच्या रात्री नऊला आमची कॉट्सवोल्ड्सची, म्हणजे इंग्लंडमधल्या जुन्या दगडी गावांच्या डोंगराळ भागाची, बस सहल रद्द झाल्याचा मेसेज आला. दुसऱ्या दिवशी बॉक्सिंग डे, नाताळनंतरची सुट्टी, म्हणजे रेल्वेही जवळपास ठप्प. राजापूरहून आलेल्या माझ्या आईनं त्या सहलीसाठी खास लोकरीचे मोजे घेतले होते. मी ग्रुपवर नुसतं रडगाणं गायलं, मदत मागितली नव्हती. दहा मिनिटांत तुमचं उत्तर आलं, "साडेसातला खाली उभ्या राहा. आईंसाठी शाल घे."

माझ्या यादीत आठ गावं होती. पेट्रोल पंपावर तुम्ही ती वाचलीत, घडी घालून मला परत दिलीत. "चार वाजता अंधार होतो. आणि गुडघ्यांना किती झेपेल, हे त्यांना विचारलंस का?" नव्हतं विचारलं. मग ठरलं, तीनच.

बायबरीला पोचलो तेव्हा गवतावर पांढरं दव गोठलेलं आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. उन्हाळ्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते म्हणे. आर्लिंग्टन रो ही घरांची रांग १३८०च्या सुमारास लोकर ठेवायचं कोठार म्हणून बांधलेली, सतराव्या शतकात तिथं विणकर राहायला आले, हे तुम्ही सांगत होतात. पण आईचं लक्ष शेजारच्या शेताच्या बांधाकडे. "अगो, हा तर गडगा!" चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड रचलेला. आमच्याकडे जांभा, इथं मधाच्या रंगाचा चुनखडक, एवढाच काय तो फरक. पुढं तासभर ती खिडकीतून गडगेच मोजत होती.

अपर स्लॉटरला गाव बघण्याआधी तुम्ही शेजारच्या गावातल्या एका पबमध्ये शिरलात आणि आईला स्वच्छतागृह वापरू देतील का, ते विचारून आलात. सणाच्या दिवशी निम्मी दारं बंद, आणि आई संकोचानं सकाळपासून पाणीच पीत नव्हती. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, तुमच्या आलं. बाकी कशाहीपेक्षा याचे आभार मोठे आहेत, काका.

स्लॉटर, म्हणजे इंग्रजीत कत्तल, हे गावाचं नाव ऐकून आई दचकली होती. कत्तल नव्हे, चिखलाची जागा असा त्याचा जुना अर्थ, हे कळल्यावर हसली. आणि दोन्ही महायुद्धांत इथून गेलेलं प्रत्येक माणूस जिवंत परत आलं, हे ऐकल्यावर गप्प झाली. गाडीत बसून तुमची थालीपिठं खाल्ली ती इथंच.

मग तीनच्या सुमारास म्हणालात, "आईंसाठी अजून एक जागा आहे." डेल्सफर्डचं छोटं चर्च, मागं थडगी, आणि त्यातल्या एकावर नाव, वॉरन हेस्टिंग्ज, इंग्रजांचा बंगालमधला पहिला गव्हर्नर जनरल.

एकतीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईला तुम्ही तिथं नेलंत! "हा इथं?" असं म्हणून तिनं शाल सावरली आणि तास सुरू केला. मराठ्यांकडून हरल्यावर इंग्रजांनी केलेला १७७९चा वडगावचा तह यानं मानला नाही, जनरल गॉडर्डची फौज धाडली, शेवटी १७८२ला महादजींच्या मध्यस्थीनं सालबाईचा तह झाला, साष्टी मात्र गेली ती गेलीच. तुम्हीही विद्यार्थ्यासारखे भर घालत होतात. घराण्याची विकली गेलेली ही जमीन त्यानं १७८८मध्ये परत घेतली, त्याच वर्षी पार्लमेंटात त्याच्यावर खटला उभा राहिला, सात वर्षं चालला, निर्दोष सुटला, १८१८च्या ऑगस्टमध्ये गेला.

"अठराशे अठरा? म्हणजे पेशवाई बुडालेली बघूनच गेला की मेला!"

तुम्ही म्हणालात, "बातमी जहाजानं यायची, आई. बाजीराव शरण आले जूनमध्ये. बहुतेक कळलंच नसेल त्याला."

यावर तिला झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. थंडीनं नाक लाल झालेलं आणि हसतेय. राजापूरला परतल्यावर फोनवर ती प्रत्येकाला बायबरी नाही, हेच सांगते.

पेट्रोलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, तो वाद मी हरले. पण थालीपिठांचा स्टीलचा डबा माझ्याकडेच राहिलाय. रिकामा परत देऊ नकोस, असं आईनं बजावलंय आणि जाताना त्यासाठी आमसुलं, कुळथाचं पीठ ठेवून गेलीय. शनिवारी दुपारी घरी आहात ना?

तुमची,
स्लावची मुलगी