विषय: तुमचं आयपीव्ही६ बाहेर जातच नाही, तिकीट परत उघडा

सपोर्ट हेड यांना,

आत्ताच तुमच्या सपोर्टचा फोन ठेवलाय, डोकं तापलेलंच आहे. अपग्रेडच्या नावाखाली तुम्ही आम्हाला न विचारता आमच्या सर्व्हरना आयपीव्ही६ ॲड्रेस (इंटरनेटवरच्या पत्त्यांची पुढची पिढी, आधीची आयपीव्ही४) दिले, डिफॉल्ट रूटही, म्हणजे बाहेर जायची वाटही, टाकला, पण डेटाची पॅकेट तुमच्याच नेटवर्कमध्ये गायब होतात, 'अनरीचेबल' एवढा निरोपसुद्धा परत येत नाही. आमचा पायथनचा कोड पेमेंट गेटवेला कॉल करतो तेव्हा आयपीव्ही६चा पत्ता यादीत वर येतो, रिक्वेस्ट्स लायब्ररी पत्ते एकामागून एक ट्राय करते, म्हणजे पहिल्याच पत्त्यावर टाइमआउट होईपर्यंत लटकते आणि मग कुठे आयपीव्ही४वर जाते, तोवर गिऱ्हाईक निघून गेलेलं असतं.

यावर तुमच्या माणसाचा पहिला प्रश्न काय, तर "सर, ब्राउझरमध्ये साइट ओपन होतेय ना?" होते की, माझ्या घरच्या लॅपटॉपवर होते, तो तुमच्या डेटा सेंटरमध्ये नाहीये! मग म्हणे "आम्ही सर्व्हरवरून कर्ल (कमांड लाइनवरून साइट उघडणारं टूल) मारलं, लगेच चाललं, म्हणजे इश्यू तुमच्या कोडमध्ये आहे." मी शांतपणे (खरंच शांतपणे) सांगितलं की कर्लमध्ये हॅपी आयबॉल्स (एक पत्ता अडकला की दुसरा लगेच सोबत ट्राय करायची पद्धत) आहे, आयपीव्ही६ अडकलं की २०० मिलिसेकंदांत ते आयपीव्ही४ पण सुरू करतं, गो भाषा ३०० मिलिसेकंद थांबते, नोड जेएसमध्ये आवृत्ती २०पासून तसलंच डिफॉल्ट आहे, म्हणून तिथे तुमची घाण दिसत नाही, तुम्ही 'कर्ल -६', म्हणजे फक्त आयपीव्ही६वरून, मारून बघा. मारलं. अडकलं. तर म्हणतो, "सर, -६ टाकल्यावर अडकतंय ना, मग -६ टाकू नका." आणि तिकीट रिझॉल्व्ड!!

वर "नवीन टेक्नॉलॉजी आहे सर, थोडा वेळ लागतो." अहो, आयपीव्ही६चा पहिला आरएफसी, म्हणजे त्याच्या नियमांचा दस्तऐवज, १९९५चा आहे. नंतर मेलवर उपाय आला, जावाचा 'प्रेफर आयपीव्ही४ स्टॅक' फ्लॅग लावा. आमच्याकडे जावाची एक ओळ नाही, तिकिटात पायथन लिहिलंय, वाचता तरी का? आणि परत तोच प्रश्न, ब्राउझरमध्ये ओपन होतेय का.

सध्या मी जीएआय डॉट कॉन्फमध्ये (सर्व्हरवर पत्त्यांचा क्रम ठरवणारी फाइल) आयपीव्ही४ला वर ढकलून काम चालवतोय. पण जाहिरातीत 'आयपीव्ही६ रेडी' तुम्ही लिहिता आणि ते बंद पाडायचं काम मी करायचं, बिल मात्र पूर्ण. इतकी वर्षं चारचौघांना तुमचं नाव सुचवत आलो, आता लाज वाटते. रूट दुरुस्त करा नाहीतर ॲड्रेस काढून घ्या, ते होईपर्यंत बिल भरणार नाही, महिनाअखेरीला सर्व्हर हलवतोय आणि ग्राहक मंचातही जाणार. उत्तर नेटवर्क टीमकडून लेखी पाहिजे, फोन नको.