पाणी स्टेजवर आणू नकोस

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

एकांकिका वाचली. विषय २०१९चा पूर आणि प्रयोग सांगलीत, भावे नाट्यमंदिरात. समोर बसणाऱ्या कितीतरी लोकांच्या घरात तेव्हा पाणी शिरलं होतं, म्हणून फोनवर न बोलता लिहितोय.

शेवटी आजी बुडते, म्हणजे ही शोकांतिका झाली ना, असं तू विचारलंस. ट्रॅजेडी या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ 'बोकडाचं गाणं'. बोकड बक्षिसाचा होता की बळीचा, यावर पंडित अजून भांडताहेत. तू त्यात पडू नकोस. शेवटी कुणीतरी मेलंच पाहिजे असा मात्र ग्रीकांचा आग्रह नव्हता. एस्किलस या ग्रीक नाटककाराचं 'युमेनिडीझ' चक्क समेटावर संपतं. अ‍ॅरिस्टॉटलला हवा होता तो धड देव नाही, धड दुष्ट नाही असा माणूस, स्वतःच्याच एखाद्या चुकीने कोसळणारा. तुझी आजी "२००५ला उंबऱ्यापर्यंतच आलं होतं" म्हणत घर सोडत नाही. हे तू एका वाक्यात उरकलंयस. अगं, नाटक तिथेच आहे!

आता खरी गोष्ट. इ.स.पू. ४९४मध्ये इराण्यांनी मिलेटस बेचिराख केलं. अथेन्सवाल्यांना ते शहर नात्यातलं. फ्रिनिखस नावाच्या नाटककाराने त्यावर लगेच नाटक केलं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, सगळं प्रेक्षागृह ढसाढसा रडलं, आणि मग लोकांनी त्याला हजार द्राख्मांचा दंड ठोकला. का, तर आमचंच दुःख आम्हाला पुन्हा दाखवलंस म्हणून. ते नाटक पुन्हा कुणी करायचं नाही, असंही ठरलं. माझ्या मते रडवणं त्याला जमलं होतं, पण रडण्यापलीकडे लोकांच्या हाती काही लागलं नसावं.

एस्किलसने दुसरी वाट काढली. हा गडी स्वतः मॅरेथॉनच्या लढाईत इराण्यांशी लढलेला, भाऊ तिथेच पडलेला. सॅलमिसच्या आरमारी लढाईत ग्रीकांनी इराण्यांना हरवलं, त्यानंतर आठ वर्षांनी, इ.स.पू. ४७२मध्ये, त्याने 'पर्शियन्स' म्हणजे 'इराणी' हे नाटक केलं. पूर्ण मिळालेली ही सगळ्यात जुनी ग्रीक शोकांतिका. अख्खं नाटक शत्रूच्या राजधानीत, सुसामध्ये घडतं. राजमाता मुलाच्या काळजीत. ती विचारते, हे अथेन्स आहे तरी कुठे? प्रेक्षकांत त्या लढाईत वल्ही मारलेली माणसं बसलेली! मग दूत येतो आणि फुटलेली जहाजं, पाण्यावर तरंगणारी प्रेतं सांगत जातो. स्टेजवर ना जहाज, ना समुद्र. शेवटी राजा येतो तो फाटक्या वस्त्रांत. या नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. खर्च पुढे अथेन्सचा पुढारी झालेल्या तरुण पेरिक्लिसने उचलला होता.

तेव्हा ते निळं कापड आणि थर्माकोलची बोट काढून टाक. प्रवेश आजीच्या मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये लाव. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीचे आकडे फोनवर येत राहू देत. आजी हट्टाने "काही होत नाही रे" म्हणू दे. मग फोन लागेनासा होऊ दे. शेजारचा सदा दुसऱ्या दिवशी येऊन जे सांगतो ते तुझं सगळ्यात चांगलं लिखाण आहे, ते कापू नकोस, वाढव.

नेपथ्याचे पैसे वाचतील ते लाइटवाल्याला दे. त्याचं मागचं बिल बाकी आहे म्हणे.

तुझा,
बाबा