सुदामानगरच्या वरच्या मजल्याविषयी

इंदूर, ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपला भाडेकरू वरच्या मजल्याला कुलूप लावून, सामान आत ठेवून कुटुंबासह निघून गेला, त्याविषयी काल फोनवर बाबा म्हणाले, "कुलूपवाल्याला बोलाव, कुलूप तोड आणि सामान खाली पोर्चमध्ये काढून ठेव." त्या वेळी मी नुसते "बघते" म्हटले. पण तसे करणे मला पटत नाही आणि त्याची कारणे फोनवर नीट सांगता आली नसती, म्हणून हे पत्र.

आधी मी स्वतः काय पाहिले ते लिहिते. अनंत चतुर्दशीच्या रात्री, ६ सप्टेंबरला, ते कुटुंब गणपतीच्या मिरवणुकीतील झांक्या (रोषणाईचे देखावे) पाहायला निघालेले शेजारच्या काकूंनी पाहिले. त्यानंतर वर कोणाला पाहिल्याचे कोणीही सांगत नाही. दिवाळीत वर पणतीही लागली नाही. जिन्याखालच्या मीटरचा आकडा मी महिन्याच्या अंतराने दोनदा टिपला, तो एका युनिटनेही हललेला नाही, कारण त्यांच्या बाजूचा मेन स्विच खाली पाडलेला आहे. खिडकीच्या जाळीतून रिकामा, दार उघडे ठेवलेला फ्रिज, गुंडाळलेली गादी आणि ओट्यावर पालथी घातलेली आईची पितळी परात दिसते. ज्याने फ्रिज पुसून उघडा ठेवला आणि मेन स्विच पाडला, तो माणूस घाबरून पळालेला नाही, ठरवून गेला आहे. मुलाच्या वर्गातील एका मुलीच्या आईकडून कळले की त्यांनी शाळेतून त्याची टी.सी. घेतली आहे. आई, त्यामुळे त्यांचे काही बरेवाईट झाले असेल ही तुझी धास्ती तरी आता सोडून दे.

मग कुलूप का तोडायचे नाही? कारण घर सोडणे आणि ताबा सोडणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किल्ली भाडेकरूकडे आहे, सामान आत आहे आणि "घर सोडले" असे त्याने एका ओळीनेही कळवलेले नाही. उद्या तो परत आला, तर १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे त्याला सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचे हा प्रश्न विचारात घेतलाच जात नाही. शिवाय आत दागिने होते, रोख होती असे तो म्हणाला, तर ते खोडून काढायला आपल्याजवळ काय आहे? बाबा, तुम्ही आयुष्यभर सरकारी कागद सांभाळलेत. या वयात चोरीचा आळ तुमच्यावर यावा, हे मला सहन होणार नाही.

रीतसर मार्ग लांबचा आहे, पण तो आहे. मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ (इकडचा भाड्याच्या जागांचा कायदा) याच्या कलम १२ प्रमाणे थकबाकीची मागणी करणारी नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत भाडे दिले नाही, तर घर खाली करून घेण्याचा दावा लावता येतो. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा न वापरणे हेही त्याच कलमातील एक कारण आहे; आपल्या बाबतीत ते मार्चच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण होईल. तुम्ही निवृत्त शासकीय कर्मचारी असल्यामुळे, घराची तुम्हाला स्वतःला राहण्यासाठी खरी गरज असेल, तर भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो. आईच्या गुडघ्यांकडे पाहता वरचा मजला तुम्हाला लागणार नाही, त्यामुळे खोटी गरज दाखवून तो अर्ज करू नये, असे मला वाटते.

खरे सांगायचे तर मला या सगळ्यापेक्षा एक सहीचे पत्र मोलाचे वाटते. ऑगस्ट ते ऑक्टोबर असे तीन महिन्यांचे २७,००० रुपये थकले आहेत आणि डिपॉझिट १८,००० रुपयांचे आहे, म्हणजे बुडीत निघतात ते ९,००० रुपये. थकलेल्या भाड्यासाठी तीन वर्षांपर्यंत दावा लावता येतो हे मला ठाऊक आहे. पण ९,००० रुपयांसाठी तारखांना जाण्यापेक्षा, "मी ताबा सोडला, सामान अमुक व्यक्तीच्या हाती द्यावे" एवढे त्याने लिहून दिले तर ते पैसे सोडून द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. "पैसे बुडवून गेला आणि वर आपणच माफ करायचे?" असे तुम्ही म्हणाल. बाबा, तुमचा राग रास्त आहे. पण एक मजला वर्षानुवर्षे दाव्यात अडकून पडला, तर नुकसान त्याच्या कितीतरी पट होईल.

तुम्ही भाडेकरूच्या माहितीचा फॉर्म पोलीस ठाण्यात भरून दिला होता, हे फार बरे केलेत. त्यावर त्याच्या गावचा पत्ता आहे. नोटीस तिथे आणि सुदामानगरच्या पत्त्यावर, अशा दोन्ही ठिकाणी स्पीड पोस्टाने पाठवायची आहे. ठाण्यात मी लेखी माहिती दिली असून तिची पोच माझ्याजवळ आहे. त्याचे पत्र आले किंवा न्यायालयाचा आदेश मिळाला, की दोन शेजाऱ्यांसमोर, व्हिडिओ काढत, एकेक वस्तूची यादी करूनच सामान हलवीन. आई, तुझी परातही तोवर तिथेच राहील. यादीत तिच्यापुढे "घरमालकाची" असे लिहून घेईन.

सोबत नोटिशीचा मसुदा आणि माझ्या नावाचे अधिकारपत्र पाठवत आहे. दोन्हींवर बाबांनी सही करावी आणि जुन्या भाडेकराराची मूळ प्रत कपाटातील निळ्या फाइलमधून काढून दादाबरोबर पाठवावी. तो २० तारखेला इकडे येणार आहे.

तुमची,
माई