अन्नदानाची तारीख आधी ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पितृपक्षात परळच्या टाटा, केईएम आणि वाडिया रुग्णालयांच्या आसपास दुपारी एकामागून एक अन्नदानाच्या गाड्या येतात. पहिल्या गाडीची पुरी-भाजी संपण्याआधी दुसरी हातात पडते आणि संध्याकाळी तीच पाकिटे कचऱ्याच्या डब्याशेजारी दिसतात. मे महिन्यात दाते सुटीला गावी गेले की त्याच फुटपाथवर रात्रीच्या जेवणाची वानवा असते. बेघर आणि रुग्णांच्या नातेवाइकांसाठी या भागात काम करणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांची म्हणून एक विनंती आहे. अन्न घेऊन निघण्यापूर्वी त्या भागातल्या संस्थेला फोन करा आणि तारीख, वेळ, माणसांची संख्या ठरवून घ्या. श्राद्धाचे दान श्राद्धाच्याच दिवशी द्यायचे असेल तर तांदूळ, डाळ, तेल या रूपात द्या. शिजवण्याची तारीख संस्थेवर सोपवा.

इथे फुटपाथवर दोन प्रकारची माणसे असतात. काही वर्षानुवर्षे तिथेच राहणारी, नाक्यावर काम शोधणारी. बाकीची विदर्भातून, बिहारमधून, बंगालमधून उपचारासाठी आलेली. कर्करोगाच्या अनेक रुग्णांचे किरणोपचार आठवड्यातले पाच दिवस, असे पाच ते सात आठवडे चालतात. त्यामुळे रुग्णालयापासून लांब राहणे परवडत नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि तिच्यासारख्या जागा अशांसाठीच आहेत, पण गरजेच्या मानाने खाटा फार थोड्या.

शंभर माणसांच्या खिचडीला 7 किलो तांदूळ, 3 किलो मूगडाळ, 3 किलो कांदे, 4 किलो भाजी, लिटरभर तेल, 350 ग्रॅमच्या आसपास मीठ आणि धान्याच्या साडेतीनपट, म्हणजे 35 लिटर पाणी लागते. माणशी साधारण साडेचारशे ग्रॅम खिचडी होते. खर्च वाचवायला डाळ कमी आणि तांदूळ जास्त घेतला जातो, ते करू नये. अनेकांचे दिवसातले ते एकमेव धड जेवण असते. पाणी उकळते घालावे. गार पाणी ओतले की शिजणे थांबते, दाणा कच्चा राहतो आणि खाली तळ लागतो. लागलाच, तर अजिबात न ढवळता वरची खिचडी दुसऱ्या पातेल्यात काढून घ्यावी. ढवळले की करपट वास सगळ्या पातेल्याला लागतो आणि शंभर जणांचे जेवण जाते.

लग्नाच्या हॉलमधून उरलेल्या अन्नाचे फोन बहुधा रात्री अकरानंतर येतात. तोवर ते अन्न टेबलावर तीन-चार तास कोमट पडलेले असते आणि ज्यांच्यासाठी आणायचे ती माणसे झोपलेली असतात. भाताच्या बाबतीत धोका अधिक. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून गरम अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर राहिले पाहिजे. अन्नात खुपसून तापमान पाहायचा साधा प्रोब थर्मामीटर आणि झाकणाचे इन्सुलेटेड डबे हवेतच. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी 2019 मध्ये स्वतंत्र नियम केले आहेत. हॉलचालकांनी आणि केटररनी ते वाचावेत. आमची मागणी सोपी आहे: वाढायला बाहेर न काढलेले, स्वयंपाकघरातच राहिलेले अन्न द्या, आणि फोन रात्री नऊच्या आत करा. ओल्या नारळाची चटणी, पनीरची भाजी आणि रायते देऊ नका.

कर्करोगाच्या रुग्णांसाठी वेगळे शिजवावे लागते, हे बहुतेक दात्यांच्या लक्षात येत नाही. तोंडाच्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्याला पुरी, फरसाण, तिखट रस्सा गिळता येत नाही. त्याला मुगाची आसट खिचडी, पेज किंवा मिरची न घातलेले वरण हवे. नाकातून नळी असेल तर तेही गाळून, आणि डॉक्टर सांगतील तेवढेच. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी कमी होतात आणि जंतुसंसर्ग लवकर होतो, म्हणून चिरलेली फळे आणि कोशिंबीर नको. सालीसकट येणारे केळे चांगले.

एवढे करूनही जेवण एका दिवसाचे असते. ते वाटताना ओळख होते, आणि ओळख झाली की माणूस कागदपत्रांची पिशवी उघडतो. आमच्या मते संस्थांचे खरे काम इथे सुरू होते, आणि नेमके त्यालाच कोणी देणगी देत नाही.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली ‘प्राधान्य कुटुंब’ या गटातले रेशनकार्ड असलेल्या घरातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला 5 किलो धान्य मिळते आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. गावी रेशनकार्ड असलेल्याला ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेतून मुंबईतल्या कुठल्याही रास्त भाव दुकानात आपला वाटा उचलता येतो. गावातल्या कुटुंबाचा वाटा तिकडे चालू राहतो. अडते ते असे: दुकानदार साठा नसल्याचे सांगून परत पाठवतो, ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) राहिलेले असते, किंवा गवंड्याच्या झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेत नाही. साठ्याची तक्रार 1967 या क्रमांकावर करावी, ठशाऐवजी डोळ्यांचे स्कॅन किंवा ओटीपी मागावा. कार्डच नसेल तर वाट लांबची आहे, कारण राज्याची लाभार्थी संख्या 2011 च्या जनगणनेवरून सुमारे 7 कोटींवर मर्यादित केलेली आहे.

आधार हरवले की माणूस घाबरून नव्याने नोंदणी करतो. बोटांचे ठसे आधीच नोंदलेले असल्याने तो अर्ज नाकारला जातो आणि मधले महिने वाया जातात. नवे काढायचे नसते; आधार केंद्रावर ठसे देऊन जुना क्रमांक शोधून घ्यायचा असतो आणि त्याच वेळी चालू मोबाइल क्रमांक जोडायचा असतो. आधार कधीच नव्हते अशांसाठी मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचे ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र चालते. मतदार यादीसाठी तर बेघरांना पत्त्याचा पुरावाही लागत नाही: माणूस फॉर्म 6 मध्ये, म्हणजे नवमतदाराच्या अर्जात, दाखवलेल्या जागी खरोखर झोपतो का, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन पाहतो. संस्थेने प्रत्येकाच्या कागदांच्या प्रती आपल्याकडे ठेवल्या पाहिजेत. महापालिकेची अतिक्रमण हटवणारी गाडी गाठोडे उचलून नेते, तेव्हा मूळ कागद त्याच्याबरोबर जातात.

आता निवाऱ्याबद्दल. शहरी बेघरांच्या निवारा योजनेत दर लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांची सोय आणि माणशी 50 चौरस फूट जागा सांगितली आहे. मुंबईची लोकसंख्या 2011 मध्येच 1 कोटी 24 लाख होती, म्हणजे शंभर जणांची सव्वाशेच्या आसपास निवारागृहे हवीत. मुंबई त्याच्या जवळपासही नाही. त्यात आहेत त्या जागा रिकाम्या दिसल्या की ‘यांना फुटपाथच आवडतो’ असे म्हटले जाते, ते चूक आहे. पुरुषांच्या निवाऱ्यात बायको-मुलांना जागा नसते. हातगाडी आत घेता येत नाही. नाका लांब पडला की पहाटेचे काम जाते. शिवाय 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा राज्यात लागू आहे, त्यामुळे सरकारी गाडीत बसवून चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात नेतील या धास्तीने माणसे पळतात. निवाऱ्यासाठी माणसे आणायची असतील तर गाडीबरोबर ओळखीचा कार्यकर्ता असावा, आणि आधी एकदा दिवसा जागा दाखवून आणावी.

महापालिकेने प्रत्येक वॉर्डातल्या निवारागृहाचा पत्ता, रिकाम्या जागा, आणि कुटुंबाला प्रवेश आहे की नाही, ही माहिती रुग्णालयांच्या केसपेपर खिडकीजवळ मराठी आणि हिंदीत लावावी. पावसाळ्यात परळजवळच्या सखल हिंदमाता भागात पाणी भरायच्या आधी, मे संपण्यापूर्वी हे व्हायला हवे. वाचकांकडे आमचे मागणे एवढेच: वर्षातला एक दिवस घ्या, शक्यतो एप्रिल ते जूनमधला, आणि त्या दिवसाचे 7 किलो तांदूळ, 3 किलो डाळ आपल्या भागातल्या संस्थेकडे पोहोचवा. ज्यांना ऑनलाइन अर्ज भरता येतात त्यांनी महिन्यातून एक शनिवार दिला तर आम्हाला तो धान्याच्या पोत्याहून अधिक उपयोगाचा आहे.

आपले,
बेघर व रुग्ण-नातेवाईक मदतकार्यातील कार्यकर्ते,
परळ, मुंबई