बाबा, ती पट्टी वहिनीकडे द्या

लेस्टर,
१२ जुलै २०२०

ती. बाबा व सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन दोन वाक्यांत तुटतो, म्हणून सगळं लिहून दादाच्या मोबाइलवर पाठवतेय. दादा, मोठ्याने वाच. मधलं काही गाळू नकोस.

बाबा, तुम्ही कोरोनाच्या भीतीने दापोलीहून डेक्सामेथासोन या स्टिरॉइडच्या गोळ्यांची पट्टी आणून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलीय असं कळलं. कणकण वाटली की लगेच घ्यायची म्हणून. वहिनीवर रागावू नका, तिने सांगितलं ते फार बरं केलं.

औषध गुणाचं आहे, ते मी नाकारत नाही. १६ जूनला कोरोनाच्या औषधांवरच्या ऑक्सफर्डच्या चाचणीचा निकाल आला तेव्हा वॉर्डात आम्ही काही जणी चक्क रडलो. २,१०४ रुग्णांना ते दिलं होतं, ४,३२१ जणांना नेहमीचेच उपचार. व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना काडीचाही फायदा झाला नाही.

सुरुवातीला विषाणू वाढत असतो आणि शरीर त्याच्याशी झुंजत असतं. पुढे काहींच्या अंगात ही झुंजच आवरेनाशी होते आणि फुफ्फुसं सुजतात. स्टिरॉइड ती सूज उतरवतं, पण झुंजणाऱ्या शक्तीला दाबूनच. कोळेरोग येऊ नये म्हणून तुम्ही पोफळीवर बोर्डोची फवारणी पावसाआधी करता. इथे नेमकं उलटं आहे, आधी घेतलं तर शरीराचेच हात बांधले जातात. त्यात तुमची साखर. ती या गोळीने भडकते, हे मी रोज वॉर्डात बघते.

मलेरियाच्या गोळीचंही सांगते, कारण शेजारचे काका तिनेच बरे झाले असं तुम्ही म्हणालात. एप्रिलमध्ये माझ्याकडे एक गुजराती आजोबा होते. कुणाला कोणतं औषध द्यायचं ते त्याच चाचणीत संगणक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो. त्यांच्या वाट्याला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, म्हणजे हीच मलेरियाची गोळी आली. तीन आठवड्यांनी ते चालत घरी गेले, जाताना गोळीला हात जोडून गेले. मलाही वाटलं, लागू पडली. जूनमध्ये मोजणी बाहेर आली. गोळी घेतलेल्यांत शंभरामागे सुमारे २६ दगावले, न घेतलेल्यांत सुमारे २४. आजोबांना तारलं ते ऑक्सिजनने, तासन् तास पालथं झोपवण्याने आणि त्यांच्या स्वतःच्या शरीराने. मोजलं नसतं तर त्यांच्या गल्लीत सगळ्यांनी ती गोळी घेतली असती, आणि त्यांना चूक म्हणायचं धाडस मलाही झालं नसतं. काका बरे झाले याचा मला आनंदच आहे. पण बरेचसे लोक गोळीशिवायही बरे होतात.

एचआयव्हीची औषधंही अशीच निरुपयोगी ठरली, २९ जूनला. रेमडेसिवीरने बरं व्हायला पंधराऐवजी अकरा दिवस लागले, पण ते शिरेतून, इस्पितळातच द्यायचं औषध. आत्याच्या शेजाऱ्यांनी त्यासाठी मुंबईभर वणवण केली आणि दागिने गहाण टाकले, ते ऐकून जीव तुटला.

मला ठाऊक आहे, तुम्ही गोळ्या का आणल्यात. ताप आहे म्हटलं की विलगीकरणासाठी शाळेत नेऊन ठेवतील, वाडीतले लोक तोंड फिरवतील, ही धास्ती. बाबा, तरीही ताप अंगावर काढू नका. दादाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर आणायला सांगितलंय. ताप असला तर दिवसातून तीन-चारदा बोट घालून बघा. आकडा ९४ किंवा खाली आला, तर दम लागत नसला तरी गाडी काढायची. या आजारात माणूस बोलत-चालत असतो आणि रक्तातला ऑक्सिजन उतरलेला असतो. त्या वेळी हेच डेक्सामेथासोन डॉक्टर देतील, आणि त्या वेळी ते मलाही हवं आहे.

आई, काढा घे, घसा शेकेल. पण त्याच्या भरवशावर तू गणपतीला चाकरमान्यांच्या गर्दीत जाऊ नकोस.

निसर्ग वादळाने आपल्या किती पोफळी राहिल्या, ते दादा सांगत नाही. तुम्ही सांगा. आणि पट्टी वहिनीच्या हातात दिलीत की मला दोन शब्द पाठवा, मी रात्रपाळीला जागीच असते.

तुमची,
सुमी