आता पेपरांचाही अनुशेष!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातली अर्थशास्त्र विभागांची संशोधन क्रमवारी वाचली. 'मराठवाडा तळाला' हा मथळा इतक्या ठळक टायपात, की दुष्काळासाठी राखून ठेवलेली अक्षरे चुकून इकडे लागली की काय असे वाटले. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, नोकऱ्यांचा अनुशेष ऐकता ऐकता आमचे केस पिकले. आता पेपरांचाही निघाला. अभिनंदन.

मी अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. आमच्याकडे सगळे आलबेल आहे असे म्हणण्याइतका कोडगा नाही. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, भारतीय सांख्यिकी संस्था (आयएसआय), मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था ही नावे वर असणारच. तिथले काम वाचूनच आम्ही शिकवले. पण संशोधन म्हणजे नेमके काय मोजले, हे तुमच्या वार्ताहराने 'स्कोपसमधील शोधनिबंध' (स्कोपस म्हणजे जर्नल्सची एक परदेशी यादी) एवढ्या दोन शब्दांत उरकले आहे. त्या दोन शब्दांवर माझा जुना राग आहे, तो आज काढतो.

साल २०१४. माझी 'कॅस'ची फाईल, म्हणजे बढतीची. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१० पासून एपीआय नावाचे गुणपत्रक आणले होते. रेफ्रीड, म्हणजे तज्ज्ञांनी तपासून छापणाऱ्या, जर्नलमधल्या पेपरला पंधरा गुण, रेफ्रीड नसले पण आयएसएसएन क्रमांक असला तर दहा. माझ्या फाईलमध्ये सर्वांत वर होता तो ऊसतोड मजुरांच्या उचलीवरचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेवरचा लेख. मराठीत, एका छोट्या त्रैमासिकात आलेला. दोन हंगाम मी बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावर जाऊन-येऊन होतो. दसऱ्यानंतर तांडा रिकामा व्हायचा, पाडव्याच्या सुमारास भरायचा. मुकादमाने महत्प्रयासाने त्याची वही दाखवली. लाल कापडी पुठ्ठ्याची, पानांना तेलाचे डाग. एका पानावर एक कोयता, म्हणजे एक जोडपे. डावीकडे उचल, उजवीकडे तोडलेल्या उसाचे टन, आणि मधे बारीक अक्षरात 'खाडा १, ताप', 'खाडा ४, बाळंतपण'. खाली प्रत्येक पानावर एकच वाक्य: बाकी पुढे ओढली. मजुरी ठरते ती फडात नाही, उचल घेतली त्या दिवशी ठरते, एवढेच मला त्या लेखात म्हणायचे होते.

छाननी समितीतल्या एका सरांनी लेख उलटसुलट केला. "सर, लेख चांगला दिसतो," ते म्हणाले, "पण आठ आकडे कुठं आहेत?" आठ आकडे म्हणजे आयएसएसएन. त्या त्रैमासिकाच्या संपादकांनी तो घेतलेलाच नव्हता. शून्य. समासात लाल शाईने काढलेले ते शून्य अजून माझ्या कपाटात आहे. आयएसएसएन हा फक्त नियतकालिकाचा ओळख क्रमांक आहे, आतल्या मजकुराच्या दर्जाशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे मी सांगून पाहिले. गाडीला नंबरप्लेट आहे म्हणून ड्रायव्हरला गाडी येते असे होत नाही, असेही म्हणालो. त्यावर चहा आला.

मग मी काय केले? लपवण्यात अर्थ नाही, पेन्शन सुरू झाली आहे. एका 'इंटरनॅशनल' जर्नलला अठराशे रुपये भरले. साखर उद्योग आणि ग्रामीण विकास अशा गुळगुळीत विषयावर जुन्या नोट्समधून एका रात्रीत सहा पाने जुळवली. नवव्या दिवशी पेपर छापून आला, सोबत सोनेरी काठाचे प्रमाणपत्र. त्यावर माझ्या आडनावाचे स्पेलिंग चुकले होते. शीर्षकातल्या 'शुगर'मधला 'ए'ही गळाला होता. पण आठ आकडे ठणठणीत होते. रेफ्रीड! पंधरा गुण! फाईल पास.

हे दुकान मी एकट्याने चालवले नाही. मे २०१८ मध्ये यूजीसीला आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ जर्नल्स एका फटक्यात काढावी लागली. मग केअर नावाची नवी यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही गुंडाळली. तेव्हा आठ आकडे, मग यादी, आता स्कोपस. फूटपट्टी दर चार-पाच वर्षांनी बदलते, पण वहीतला खाडा कुठल्याच फूटपट्टीत मावत नाही.

कारण साधे आहे. स्कोपस ही एल्सेव्हियर या परदेशी प्रकाशन कंपनीची २००४ पासूनची यादी. तीत जायचे तर लेखांची शीर्षके आणि सारांश इंग्रजीत हवेत, संदर्भ रोमन लिपीत हवेत. 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे रोमन लिपीत समजावायला अर्धे पान तळटीप लागेल. आणि ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांना ते कधी वाचता येणार नाही ते वेगळेच. माझा शून्य गुणांचा लेख त्या तांड्यावरच्या शाळेतल्या गुरुजींनी पाडव्यानंतर मोठ्याने वाचून दाखवला होता. तो ऐकून एका बाईने आपला हिशेब पुन्हा मांडायला लावला, तर तिचे दोन खाडे दोनदा धरलेले निघाले. मुकादमाने ते परत केले की नाही, मला माहीत नाही. हा परिणाम कुठल्या रकान्यात भरायचा तेवढे तुमच्या वार्ताहराला विचारून कळवा.

बरे, आज ज्या अनुशेषावर तुमचे अग्रलेख चालतात तो मोजला कोणी? वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये, आणि २०१३ मध्ये केळकर समितीने त्याचा पुन्हा विचार केला. दोन्ही सरकारी अहवाल. कालच्या क्रमवारीच्या हिशेबाने त्यांचेही गुण शून्यच.

कालच्या क्रमवारीतला दरडोई पेपर, म्हणजे प्राध्यापकामागे किती पेपर, हा प्रकार तर आणखी गमतीचा. भागाकार कशाने करायचा, मंजूर पदांनी की भरलेल्या? आमच्याकडच्या कित्येक महाविद्यालयांत विषयाला एक-दोन पूर्णवेळ माणसे उरली आहेत, बाकी सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरचे. आठवड्याला नऊ तास, सुटीचा पगार नाही, पुढच्या जूनमध्ये बोलावतील याचा भरवसा नाही. त्यांनी पेपर लिहिला तर तो कोणाच्या खात्यावर? भरलेल्या पदांनी भागले तर पदे रिकामी ठेवूनच विभाग वर जाईल. शेवटचा माणूस निवृत्त झाला की मात्र पंचाईत, शून्याने भागता येत नाही.

आणखी एक. अर्थशास्त्रात सहलेखकांची नावे बहुतेकदा इंग्रजी वर्णानुक्रमे लावतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत मात्र तिघे किंवा जास्त लेखक असले तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के आणि इतरांना प्रत्येकी ३० टक्के गुण. माझे आडनाव 'डब्ल्यू'वरून सुरू होते. यावर अधिक बोलत नाही.

एक चूक आमची, ती कबूल करतो. अर्थशास्त्रज्ञांची रेपेक नावाची खुली नोंदवही १९९७ पासून आहे. तिथे लेखकाने स्वतः नाव नोंदवून संस्था लिहिली तरच त्याचे काम त्या संस्थेच्या नावावर चढते. फुकट आहे, अर्ध्या तासाचे काम. मी ते केले नाही. माझ्या बरोबरच्या कोणी केल्याचेही आठवत नाही.

जाता जाता, विषय अर्थशास्त्राचा निघालाच आहे म्हणून. मोंढ्यातले सोयाबीन, तूर आणि कापसाचे भाव देणारी तुमची चौकट गेल्या दिवाळीपासून गायब आहे. ती कापून मी मुलांना वहीत चिकटवायला लावायचो, आवक वाढली की भाव कसा पडतो हे त्यांना आलेखाआधी तिथे दिसायचे. शेजारचा सीएचबीवाला मुलगा अजून तसेच शिकवतो, पण त्याच्याकडची कात्रणे आता जुनी झाली आहेत. त्या जागेवर हल्ली परदेशी शिक्षणाच्या क्लासची जाहिरात असते. चौकट फार मोठी नव्हती, पान सातवर डावीकडे खाली असायची. पुन्हा सुरू करता आली तर पाहावे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, परभणी

(नाव छापू नये. वेतन आयोगाच्या फरकाची माझी फाईल अजून कार्यालयात आहे.)